आईच्या चेहऱ्यावरची ट्यूबलाइट

ट्रेसरबाईंना राग येत नसे, तो त्यांच्याकडे राहायलाच होता. येणारा पाहुणा कधीतरी जातो. हा मागच्या खोलीत बिऱ्हाड करून बसला होता आणि आवाज करत नसल्यामुळे शेजाऱ्यांनाही त्याचा पत्ता नव्हता. उलट, 'किती शांत बाई' अशीच त्यांची ख्याती होती. माणूस दात आवळून बसला की लांबून शांतच दिसतो.

एकतीस वर्षं त्यांनी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे गिरवले. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा, चार कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवायची आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवायची. रस्ते एका कागदावर, नाले दुसऱ्यावर, हद्दी तिसऱ्यावर. सगळे एकावर एक ठेवले की खाली गाव दिसायचं. रेघ बाईंची असे, सही साहेबांची. मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि एका सकाळी आठ ट्रेसरांना सांगण्यात आलं की आता हातांची गरज उरलेली नाही. निरोपाला प्रत्येकाला एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वेळ कसा घालवायचा, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

ते पुतणीनं सांगितलं. तिनं आपला जुना कॉम्प्युटर आत्याकडे आणून ठेवला, चित्रं जुळवायचा प्रोग्रॅम उघडून दिला आणि पडद्याच्या कडेला थरांची यादी दाखवली. या थरावर फोटो, याच्यावर रिबीन, याच्यावर मजकूर. सगळे एकावर एक. बाई बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिल्या.

"हे तर आमचंच आहे," त्या म्हणाल्या. "ज्यानं नोकरी खाल्ली, त्यानं आमचीच पद्धत चोरून खाल्ली."

"आत्या, तुला आवडलं की नाही?"

"आवडलं. म्हणून तर चीड येतेय."

पुतणीनंच त्यांना 'कात्रण मंडळा'त घातलं. अडतीस माणसांचं हे हौशी मंडळ. घरातले जुने फोटो स्कॅन करून पडद्यावर त्यांची सजवलेली पानं करायची, म्हणजे पूर्वी लोक वहीत डिंकानं चिकटवायचे तेच, फक्त डिंकाशिवाय. आणि दर शनिवारी चार वाजता व्हिडिओवर जमून एकमेकांना दाखवायची. मंडळ चालवायच्या हेडबाई. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्याची बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. नियम दोन. पहिला, पानाखाली श्रेयाची ओळ हवीच: पार्श्वभूमी कुणाची, रिबीन कुणाची, अक्षरं कुणाची. दुसरा, कुणाच्याही पानाबद्दल आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एकच सूचना, आणि तीही 'थोडं' या शब्दानं सुरू करून. मैत्री सक्तीची होती.

मंडळात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या कुत्र्याची एकसष्ट पानं केली होती. बासष्टावं आलं तेव्हा ट्रेसरबाईंनी नियमाप्रमाणे लिहिलं: 'चांगल्या गोष्टी: कुत्रा स्थिर आहे. कुत्रा एकच आहे. सूचना: थोडी सावली उजेडाच्याच बाजूला पडली आहे.' डॉक्टरांनी मनापासून आभार मानले. अशा माणसावर रागावताही येत नाही, याचाही बाईंना राग यायचा.

सावली ही त्यांची खासियत होती. प्रोग्रॅममध्ये तयार सावली मिळते, पण ती चारी बाजूंनी सारखी, कागद हवेत तरंगत असल्यासारखी. बाई सावली वेगळ्या थरावर काढत, तिचा एक कोपरा ओढून किंचित वाकवत आणि तेवढ्यानं फोटोचा कोपरा पानावरून सुटत आल्यासारखा दिसे. हेडबाईंनी स्वतः एकदा पडद्यावर नख लावून तो उचलायचा प्रयत्न केला होता. कबूल मात्र केला नाही.

आणि बाईंची आणखी एक खासियत होती, ती मंडळाला ठाऊक नव्हती. यादीतल्या प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की थर दिसेनासा होतो, पण जात नाही, फाइलमध्ये असतोच. बाईंच्या प्रत्येक पानाच्या अगदी खाली 'तळ' नावाचा एक थर असे, डोळा मिटलेला. वर, सोनेरी अक्षरांत: 'दादा-वहिनींच्या संसाराची चाळीस वर्षं.' तळाला, साध्या काळ्या अक्षरांत: 'त्या दिवशी मी चार तास कप विसळले. फोटोत माझा हात आहे, ट्रे धरलेला. बाकीची मी चौकटीबाहेर.' वर: 'पुतणीचं पहिलं पाऊल.' तळाला: 'पाऊल माझ्याकडे टाकलं होतं. फोटो काढायच्या वेळी वहिनींनी तिला फिरवलं.' दहा वर्षांची पानं, आणि प्रत्येकाखाली एक तळघर. तोंडानं त्यांनी कधी ब्र काढला नाही. मंडळाला फाइल द्यायची झाली की आधी यादीत 'तळ' शोधायचा, पुसायचा, मग पाठवायची.

त्या मंगळवारी दुपारी बाई सावलीच्या धड्याची फाइल तयार करत होत्या. हेडबाईंना ती चारपर्यंत हवी होती. नमुन्याला त्यांनी आपल्या पितळी वजनांचा फोटो घेतला होता आणि सूचनाही लिहून झाल्या होत्या: 'उजेड वर डावीकडून धरला आहे. पान कसं रचलं ते कळण्यासाठी प्रत्येक थराचा डोळा उघडून आणि मिटून पाहावा.' तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"वन्सं, चांगली बातमी आहे. माळा रिकामा केला."

"बरं झालं."

"अल्बमसुद्धा डिजिटल करून टाकले. पाचही."

ट्रेसरबाईंचा हात माउसवरच थांबला. "डिजिटल म्हणजे?"

"मोबाइलवर फोटो काढले. पानंच्या पानं. दोन दिवस बसले होते, मान धरली माझी. तुमच्या दादांनी पानं उलटली."

"आणि अल्बम?"

"रद्दीत दिले. कसर लागली होती हो. तुम्हीच म्हणता ना, एकदा डिजिटल झालं की कागदाची कटकट नाही?"

असं त्या म्हणाल्या होत्या हे खरं होतं, तेही वहिनींच्याच दिवाणखान्यात, चार माणसांदेखत. फक्त त्यांच्या बोलण्यात डिजिटल म्हणजे स्कॅनर होता, सुती हातमोजे होते आणि एका फोटोला वीस मिनिटं होती.

"कधी दिले?"

"गुरुवारी."

बाईंनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि रद्दीवाल्याचं दुकान गाठलं. त्यानं तागडीवरून मानही वर केली नाही. "मावशी, गुरुवारचा कागद आतापर्यंत पुठ्ठा झाला असेल," तो म्हणाला. बाई घरी परत आल्या. तोवर वहिनींनी एकशे बारा फोटो पाठवून दिले होते आणि शेवटी एक हसरा चेहरा.

एकशे बारापैकी वीसएक फोटोंत दादाचा अंगठा होता. उरलेल्यांत ट्यूबलाइट होती. अल्बमच्या चकचकीत पानावर ती जिथे पडायची तिथे पडली होती. इथे एखाद्या काकांचं डोकं गेलं होतं, तिथे सायकल. तिसऱ्या अल्बमच्या नवव्या पानावर ती आईच्या चेहऱ्यावर पडली होती.

फोटो स्टुडिओतला होता. आई खुर्चीवर, शेजारी बारा वर्षांचा दादा, दुसऱ्या कडेला पाच वर्षांच्या ट्रेसरबाई, अर्ध्या चौकटीत. आईचा पुढचा एक दात लग्नानंतर लवकरच नळावर घसरून तुटला होता, त्यामुळे कॅमेरा दिसला की ती ओठ मिटून घ्यायची. या एकाच फोटोत ती तोंड उघडून हसली होती. आता तिथे कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरी पट्टी होती; डावीकडे एक कान आणि उजवीकडे अर्धा गाल. दादाचा चेहरा अर्थातच स्वच्छ आला होता.

दोन वर्षांपूर्वी हेच पाच अल्बम बाईंकडे आठ महिने होते. त्यांनी दोनशे चौदा फोटो स्कॅन केले होते. त्यांतल्या नऊ फोटोंत आई होती, नऊही ठिकाणी ओठ मिटून. हा फोटो त्या दोनशे चौदांत नव्हता.

समोर धड्याची फाइल उघडीच होती. बाईंनी सर्वांत खाली एक नवा थर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. तळपायाची आग मस्तकात गेलेली असताना कुणी थराला नाव देत बसत नाही. अकरा ओळी लिहून झाल्यावर त्यांनी डोळा मिटला, पाणी प्यायलं आणि नेहमीच्या शिस्तीनं यादीत 'तळ' शोधला. 'तळ' नव्हता. त्यांनी फाइल हेडबाईंना पाठवली, हेडबाईंनी अडतीस जणांना.

शुक्रवारपर्यंत मंडळानं गृहपाठ मन लावून केला. सूचनेत लिहिलं होतं तसा प्रत्येक थराचा डोळा उघडून पाहिला.

पहिला अभिप्राय दातांच्या डॉक्टरांचा आला. 'चांगल्या गोष्टी: मजकूर थेट आहे. अक्षर वाचायला सोपं आहे. सूचना: थोडं ओळींतलं अंतर वाढवता येईल.' त्याखाली हेडबाई: 'प्रामाणिक लेखन. परिच्छेदाची सुरुवात ठसठशीत. थोडा संयम असता तर परिणाम अधिक झाला असता.' त्याखाली आणखी सात.

बाईंना आधी काही उमजेना. मग त्यांनी फाइल उघडली आणि आपल्याच अकरा ओळी वाचल्या. 'वहिनींनी आईला रद्दीत घातलं. दादानं पानं उलटली. जन्मभर त्यानं एवढंच केलं, दुसऱ्यानं सांगितली ती पानं उलटली. माझ्या आईचं हसू तागडीत घालून पुठ्ठा करायला पाठवलं आणि वर मला हसरा चेहरा पाठवला.' असं बरंच होतं. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'आणि तो फोटो आठ महिने माझ्याच घरात होता. मी मुद्दाम स्कॅन केला नाही. आई त्यात दादाकडे बघून हसतेय.'

या ओळींतल्या अंतराबद्दल डॉक्टरांचं म्हणणं होतं.

पुतणी मंडळात होतीच. तिनंही वाचलं. आईवर चिडावं की आत्यावर, हे न ठरल्यामुळे तिनं आजच्या मुलांप्रमाणे मधला मार्ग काढला: तो पट्टीवाला फोटो मंडळात टाकला आणि लिहिलं, 'आजीचा चेहरा कुणाला परत आणता येईल का?'

अडतीस उत्साही माणसांना असं विचारू नये. शनिवारी सकाळपर्यंत अकरा आया तयार झाल्या होत्या. एकीनं बाईंच्या जुन्या पानांवरच्या नऊ मिटल्या ओठांच्या फोटोंतल्या एकातलं नाक घेतलं होतं. एकीचा चेहरा मंडळातल्या कुणा तरुणानं मशिनकडून भरून घेतला होता आणि ती औषधाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी दिसत होती. हेडबाईंनी केलेली आई बरीचशी हेडबाईंसारखी होती. डॉक्टरांनी आईला बत्तीस दात दिले होते, सगळे एका ओळीत, शुभ्र. खाली श्रेयाची ओळही होती: 'दात: माझ्याकडून, प्रेमपूर्वक.'

ट्रेसरबाईंनी अकराही चेहरे नीट पाहिले. कचेरीत एक नियम होता: जिथे मोजणी पोचली नाही तिथे रेघ काढायची नाही, फार तर तुटक रेघ. एका ट्रेसरनं एकदा दोन टेकड्यांच्या मध्ये 'असायलाच हवा' म्हणून ओढा काढला होता. पुढे तिथे पूल बांधायला लोक गेले. त्या ट्रेसरला पुन्हा पेन हातात मिळालं नाही.

त्यांनी मंडळात लिहिलं: 'यातली एकही माझी आई नाही. अकराही बायका ज्याच्या त्यानं परत न्याव्यात.'

दोन चांगल्या गोष्टी त्यात नव्हत्या. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच झालं. चारच्या बैठकीत त्या गेल्याच नाहीत. त्याऐवजी पुतणीचा फोन आला.

"आत्या, आईनं वाचलं."

"तू दाखवलंस."

"मी फोन टेबलावर ठेवला होता फक्त."

"उघडा."

"शेवटच्या दोन ओळी खऱ्या आहेत?"

"बाकीच्या खोट्या वाटल्या का तुला?"

"आत्या, ती उद्या येणारे तुझ्याकडे."

रविवारी दहा वाजता वहिनी आल्या. एकट्याच. खुर्ची पुढे करायच्या आत बसल्या.

"दादा?" ट्रेसरबाईंनी विचारलं.

"खाली गाडीत बसलेत. वर पानं उलटायची नसतील तर मी कशाला येऊ, म्हणाले."

बाईंना हसू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती. त्या चहा ठेवायला उठल्या.

"चहा नको. मी भांडायला आलेय," वहिनी म्हणाल्या. "अडतीस परक्या माणसांपुढे माझं नाव घेतलंत. त्यातल्या एकानं मला कळवलंय की माझी बाजूही त्यांना समजून घ्यायची आहे. कोण आहे हा दातांचा डॉक्टर?"

"चांगला माणूस आहे."

"असेल. मी आईंना रद्दीत घातलं होय? शेवटची सहा वर्षं त्यांना कुणी उठवलं, बसवलं, भरवलं? तुम्ही महिन्यातून एक रविवार यायचात, हातमोजे घालून. फोटो जपायला. मी आई जपत होते, वन्सं. फोटो जपायला मला हात शिल्लक नव्हते."

"मी बोलावलं की येत होते. बोलवायचा प्रश्न होता."

"बोलवायला काय, मुंज होती घरात? सख्खी आई होती."

हे लागलं. लागलं की ट्रेसरबाई हाताला काम देत. त्या वळल्या आणि त्यांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर पट्टीवाला फोटो आला. वर एक पारदर्शक थर, त्यावर तुटक रेघेनं नुसती जबड्याची कड काढलेली. कान आणि अर्धा गाल यांच्यावरून तेवढीच काढता येत होती.

वहिनींनी चष्मा लावला. "हे काय?"

"जेवढं दिसतं तेवढं."

"तोंड कुठंय?"

"ट्यूबलाइटखाली."

वहिनी पुढे सरकल्या. बराच वेळ त्या पट्टीकडे बघत होत्या. आपली ट्यूबलाइट त्या बहुधा पहिल्यांदाच पाहत होत्या. मग म्हणाल्या, "दात डावीकडचा. आपल्या डावीकडचा नाही, त्यांच्या."

"मला माहीत आहे."

"तिरका तुटलेला. आतल्या अंगाला टोक होतं. चमचा त्याला लागायचा, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं घालायचे."

हे ट्रेसरबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी पेन उचललं आणि तुटक रेघेत एक तिरकस दात काढला.

"जास्त झाला. एवढा नव्हता मोठा."

"एवढा?"

"आता बरोबर. आणि खालचा ओठ हसताना आत जायचा. अहो, आत. तुम्ही बाहेर काढताय."

"सांगाल तसं काढतेय."

"सांगतेय तसं काढत नाही, म्हणून तर सांगतेय."

असं तासभर चाललं. खाली गाडीचा हॉर्न एकदा वाजला आणि दोघींनी एकदमच दुर्लक्ष केलं. त्या दोघींचं चाळीस वर्षांत एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट असावी. शेवटी डोळे उरले. ट्रेसरबाईंनी पापण्या काढल्या आणि पेन उजवीकडे, दादाच्या दिशेला नेलं.

"बुबुळं तिकडे कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"ती दादाकडे बघून हसली होती."

"कुणी सांगितलं? आईंनी मला दहा वेळा सांगितलाय तो किस्सा. तो फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला, तुमच्या दादांच्या अंगाला उभा होता. त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती आणि तो ह्यांनाच सांगत होता, नीट उभा राहा म्हणून. त्याला हसल्या त्या."

ट्रेसरबाईंनी पेन खाली ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांचा राग एका माणसाच्या बटणावर जाऊन थांबला होता, आणि तो माणूसही एव्हाना हयात नसणार. एखाद्याचं सामान उचलून दारात ठेवावं आणि कुठं जायचं ते सांगू नये, तसं त्यांचं झालं. त्यांचा आधी विश्वास बसेना. मग बसला. आणि मग त्यांना पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

"हे मला आईनं का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत?"

"तुम्ही तरी सांगायचं."

"मला काय माहीत तुम्ही एका फोटोवर रुसून बसलाय? तुम्ही तोंडानं कधी काही बोलता का, वन्सं? खाली लिहून ठेवता."

कुणी कुणाची माफी मागितली नाही. वहिनी उठल्या, जाताना दारात म्हणाल्या, "पान झालं की मला पाठवा. आणि ते अंतर वाढवा ओळींतलं, डॉक्टर बरोबर सांगत होता." जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आणि मग खाली दादावर ओरडल्याचा आवाज आला.

ट्रेसरबाईंनी बुबुळं काढली नाहीत. दोन साक्षी जुळत नसल्या, की कचेरीत हद्द मोकळी सोडत आणि कडेला तशी नोंद करत. पट्टी त्यांनी होती तशीच ठेवली, तिच्यावर तुटक रेघेतली आई. नेहमीची सावली द्यायला गेल्या तर कोपरा वाकेना. ट्यूबलाइटचा उजेड वर डावीकडून नव्हता, नाकासमोर सरळ आला होता. सावली सोडून दिली. सवयीनं 'तळ' नावाचा नवा थर घेतला, त्यात काही लिहिलं नाही, आणि तो पुसून टाकला. जे लिहायचं ते वर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

पुढच्या शनिवारी पान मंडळात गेलं. खाली श्रेयाची ओळ होती, नियमाप्रमाणे: 'फोटो: वहिनी, ट्यूबलाइटसह. पानं उलटणारा: दादा. दात आणि ओठ: वहिनींच्या सांगण्यावरून. डोळे: वाद चालू आहे. वेळेवर स्कॅन न करणारी: मी.'

पहिला अभिप्राय डॉक्टरांचाच आला. 'चांगल्या गोष्टी: दात. दात.' सूचनेच्या जागी त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

त्याखाली अर्ध्या तासानं एक नवं नाव उमटलं. ते मंडळात कुणी घातलं, ते विचारायची गरज नव्हती. वहिनींनी लिहिलं होतं: 'ओठ अजून थोडा आत हवा.'

ट्रेसरबाईंनी ते दोनदा वाचलं, पुटपुटत चष्मा पुसला, आणि फाइल पुन्हा उघडली.